शितायेच्या अंगणात वाळलेली कॉफी

त्या वर्षी मला कशाचीच चव लागत नव्हती, आणि माझं पोट तर चवीवरच चालत होतं.

अदिस अबाबात कॉफी परदेशी पाठवणारे एक व्यापारी होते, बेलाचव; सगळे त्यांना मानाने 'अतो बेलाचव' म्हणायचे. त्यांच्याकडे मी चव घेणारी म्हणून कामाला होते. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने मांडलेले पांढरे कप, हातात चमचा. चमचाभर कॉफी मोठ्याने सुर्रकन ओढायची, जिभेवर फिरवायची, पिंकदाणीत थुंकायची आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. असं दिवसभर. हरारची कॉफी ओढली की जुन्या वाइनचा आणि सुक्या फळांचा वास नाकात चढतो, अंगावर धूळ बसलेला. सिदामाची लिंबासारखी टवटवीत. लिमूची जरा मसालेदार, गंभीर. काफाच्या रानातली ओल्या मातीची आणि सालींची. यिर्गाचेफेची म्हणजे जाईची फुलं टाकलेला काळा चहाच जणू. एकाच देशाची माती, पण दोन टेकड्यांची कॉफी एकमेकींना बहीण म्हणणार नाही. तरुणपणी मला याचं इतकं वेड होतं की घरी जाऊन आईला सांगत बसायचे. आई म्हणायची, "तू दिवसभर थुंकतेस आणि त्याचे तुला पैसे देतात, हे शेजारी सांगू नकोस."

आई शेवटची तीन वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं मीच केलं. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. लोक म्हणायचे, मुलुवर्क, आता तरी आराम कर. मी झोपायचे, पण उठायचे ती झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेली. टेबलापाशी उभी राहून मी 'लिंबू', 'जाई', 'मध' असे शब्द बोलायचे. ते चुकत नसत. हाताला जशी कुलुपाची सवय असते तशी ती जिभेची सवय होती. पण मला स्वतःला मात्र सगळं कोमट पाणी वाटायचं.

एका दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, मी एक चमचा ओढला आणि तिथेच थांबले.

पिकलेला पेरू. बंद कपाटात दोन दिवस राहिलेला, दार उघडल्यावर अंगावर येतो तसा. त्याच्यामागून मध, तोही पोळ्याच्या मेणासकट. आणि सगळ्यात शेवटी, खूप लांबून, जाई.

मी थुंकायचं विसरले. गिळलं.

"काय झालं?" अतो बेलाचव म्हणाले. ते समोरच्या बाजूने कप चाखत येत होते.

"हा घेऊन बघा."

त्यांनी घेतला. परत घेतला. मग कप नाकाशी धरून माझ्याकडे संशयाने बघितलं. "पोतं फळांच्या गाडीत टाकलं होतं का कुणी? का अत्तरबित्तर सांडलंय?"

आम्ही पुन्हा बी भाजलं, पुन्हा दळलं. तोच पेरू, तोच मध.

ती कॉफी यिर्गाचेफेच्या वरच्या डोंगरातून एका दलालाने पाठवली होती. नवल म्हणजे ती घरी वाळवलेली होती. त्या भागात लोक झाडावरची लाल फळं तोडली की त्याच दिवशी खाली धुण्याच्या केंद्रावर नेऊन घालतात. तिथे त्यांचा गर काढतात, बी धुतात. घरी सालीसकट वाळवतात ती उरलीसुरली, स्वतःला प्यायला, नाहीतर गावच्या बाजारात विकायला. अशा कॉफीला मातीचा नाहीतर बुरशीचा वास असतो. तिच्याकडून पेरूची अपेक्षा कुणी करत नाही.

"तू जा आणि बघून ये, कसं केलंय," बेलाचव म्हणाले.

"मी? तरुण पोरं आहेत की इतकी."

"पोरं जातात, फोटो काढतात, मटण खाऊन परत येतात. तू जा. आणि खरं सांगू का मुलु, तू हल्ली कपासमोर उभी राहिलीस की कपच गार पडतो. जरा हवा बदलून ये."

ते रागावून बोलले नव्हते. म्हणून मलाही रागावता आलं नाही.

गाडी जाफर चालवत होता. तो जिम्माचा. जिम्माचा माणूस दुसऱ्या कुठल्या कॉफीला कॉफी म्हणत नाही. हवासा शहर मागे पडेपर्यंत तो तेच बोलत होता.

"ताई, तुमची ती यिर्गाचेफे म्हणजे फुलं बुडवलेलं पाणी. नवरीच्या अंघोळीला बरं. माणसाने प्यायची तर आमची."

"तुमची पिऊन माणूस तीन दिवस झोपत नाही."

"मग? झोपायला कशाला प्यायची?"

मी खिडकीला डोकं टेकलं. दिल्ला गाव गेल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर सुरू झाले. एन्सेतची केळीसारखी रुंद पानं, त्यांच्या सावलीत कॉफीची झाडं, त्या झाडांत दडलेली घरं. पुढे गाडी जाईना. दलाल रस्त्यावर वाट बघत उभा होता. त्याने वरची पायवाट दाखवली. "म्हातारीचं नाव शिताये. भली बाई आहे, पण बोलत नाही फारशी. आणि तुम्ही येणार म्हटल्यावर घाबरलीये."

चढ उभा होता आणि मातीचा लाल चिखल. दर वळणावर मी थांबायचे. दलाल सभ्यपणे कुठल्यातरी झाडाकडे बघत उभा राहायचा.

शिताये उंबऱ्यावर बसली होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल, अंगावर मांस नाही, डोळ्यांखाली काळं. मी मानाने 'एमामा' म्हणून वाकले, खांद्याला खांदा लावून नमस्कार झाला. तिने माझ्या हातातल्या कापडी पिशवीकडे बघितलं. त्यात तिच्याच कॉफीचं थोडं कच्चं बी होतं, मी बरोबर आणलेलं.

"परत आणलीत का?" ती म्हणाली. "मी त्याला आधीच सांगितलं होतं, घरी वाळवलीय म्हणून. लपवून नाही विकली."

"नाही, एमामा. तक्रार नाही. कॉफी फार चांगली झालीय. इतकी चांगली की आमच्या मालकांना झोप नाही. ती कशी केलीत, एवढंच विचारायला आले."

तिने दलालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपली थट्टा चाललीय की काय, असं तिला वाटलं असावं.

"काही नाही केलं. वाळत घातली. वाळली."

"पण तुम्ही तर दरवर्षी खाली केंद्रावर घालता ना, ओली?"

"या वर्षी नाही जमलं."

"का?"

"दमले होते," ती म्हणाली, आणि याच्यापुढे काही सांगायचं उरलेलं नाही अशी गप्प बसली.

दलालाने घसा खाकरला. दमलेल्या माणसाला 'का दमलात' म्हणून विचारलेलं मला कधी आवडलं नव्हतं. शेवटी शितायेलाच संकोच वाटला. दारात आलेल्याला कॉफी न देता घालवणं तिच्या घरी कधी झालं नसणार. "बसा," ती म्हणाली. "बुना तरी पिऊन जा. पण माझ्याकडची कॉफी संपली. सगळी विकली."

"मी आणलीय," मी म्हटलं आणि पिशवी पुढे केली.

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "माझीच कॉफी तू मला पाजणार होय."

दलाल खाली निघून गेला. शेजारची एक जाडजूड बाई बोलावल्याशिवायच आली, हातात भाजलेले जव घेऊन. कॉफीच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर गवत पसरलं. शितायेने बी धुतलं, तव्यावर टाकलं. फळी घासावी तसा कोरडा आवाज यायला लागला, मग बी तडतडलं, काळं पडून तेल सुटलं. तिने तवा आमच्या तोंडापुढे धरून धूर हाताने आमच्याकडे ढकलला. शेजारणीने डोळे मिटून तो ओढून घेतला.

"बघ," शेजारीण म्हणाली, "बोगालेचची मेहनत कुठपर्यंत गेली. अदिस अबाबाहून बाई आली."

"कोण बोगालेच?" मी विचारलं.

शितायेने उखळात बी ओतलं आणि कुटायला लागली. शेजारीणच बोलली. "हिची नणंद. नवऱ्याची बहीण. लग्न नाही झालं तिचं, इथेच असायची. लेक लग्न होऊन दिल्लाला गेली, हिचा नवरा गेला, तशी दोघीच राहिल्या. मग बोगालेचला वारं गेलं अंगावरून. उजवी बाजू पार गेली, वाचाही गेली. चार वर्षं हिनेच केलं सगळं. खायला घालणं, धुणं, उचलणं. ताबोर डोंगर उचलल्यासारखी जड होती ती."

"एवढी नव्हती," शिताये म्हणाली.

"एवढीच होती. मी हात लावायला यायचे ना."

कुटलेली कॉफी आणि पाणी जबन्यात ओतून शितायेने तो निखाऱ्यांवर ठेवला. मातीच्या त्या भांड्याच्या नळीतून हळूहळू वाफ यायला लागली. ती तिकडेच बघत बोलायला लागली, माझ्याशी बोलतेय असंही वाटेना.

"फळं लाल झाली तेव्हा मला कळेना काय करू. खाली केंद्रावर जायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि तिला एकटीला ठेवायचं कसं. एकदा ठेवून गेले तर ती खाटेवरून पडली होती. मग म्हटलं जाऊ दे. बांबूची माचण होती अंगणात, तिच्यावर घातली वाळत. तिची खाटही बाहेर काढून माचणीला लावून ठेवली. घरात पडून छताकडे बघण्यापेक्षा बरं. उन्हाचा तिला त्रास व्हायचा म्हणून माझी शाल वर बांधली. आता शाल काय फक्त तिच्यावरच सावली धरणार का, फळांवरही पडायची."

"आणि ती हलवायची," शेजारीण म्हणाली.

"डावा हात चांगला होता तिचा. पहिल्या दिवशी सहज गेला तिकडे. मग दिवसभर तेच. फळं उलटायची, परत उलटायची, एकेक. काळं पडलेलं किंवा फुटलेलं दिसलं की उचलून कोंबड्यांना फेकून मारायची."

"नेम चांगला होता," शेजारीण म्हणाली. "माझा कोंबडा लंगडायचा."

"एक बाजू झाली की 'अं, अं' करायची. म्हणजे खाट पुढे सरकव. मी सरकवायचे. दव पडायच्या आधी मी तिला पांघरूण घालायचे, तर ती ते ओढून फळांवर टाकायची. चार वर्षांत ती कशासाठी इतकी हट्टाला पेटलेली मी बघितली नव्हती. मला राग यायचा. म्हटलं, मी इथे मरतेय आणि हिला फळांचं पडलंय."

तिने सिनी मांडल्या, छोटे बिनकानाचे कप. पहिली धार ओतली.

"वाळून झाली. मी गोळा करून पोत्यात भरली. नंतर गेन्नाचा, नाताळचा सण झाला. सणानंतर आठवड्याने ती झोपेत गेली. काही नाही, सकाळी हात लावला तर गार."

मी सिनी तोंडाला लावली. शितायेने सगळ्यांच्या कॉफीत चिमूटभर मीठ टाकलं होतं, तिकडच्या पद्धतीने. पेरू नव्हता. धुरात आणि मिठात तो कुठे गेला कुणास ठाऊक. पण गोडवा होता, आणि घोट गेल्यानंतरही तो घशात राहिला. मी शब्द शोधले नाहीत. दुसरा घोट घेतला. मला चव लागत होती.

"कशी आहे?" मी शितायेला विचारलं.

तिने विचार केला. "गोड आहे," ती म्हणाली. "जरा जास्तच गोड आहे."

मग मी माझं काम काढलं. काढलं नसतं तर बरं, पण त्यासाठीच मला पाठवलं होतं. म्हटलं, मालक म्हणतात पुढच्या हंगामात अशीच कॉफी तयार केलीत तर सगळी तेच घेतील, केंद्रापेक्षा कितीतरी जास्त भाव देतील. माचण मोठी करून देतील. फक्त अशीच सावलीत ठेवायची, अशीच दिवसभर हलवायची.

शितायेने सिनी खाली ठेवली.

"बाई, चार वर्षं मी एका माणसाची कूस बदलत होते. रात्री उठून बदलायची. एका कुशीवर राहिलं की पाठ सोलते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझी आई होती."

"किती वर्षं?"

"तीन."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. दारात आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग तुला कशाला सांगायचं," ती म्हणाली. "आता फळांची कूस बदलायला नको सांगूस, पोरी. माझ्याने नाही होणार."

"नाही सांगत."

"तुझा मालक रागवेल."

"रागवू दे."

शेजारीण जव चावत होती. तिने तोंडातलं संपवलं आणि म्हणाली, "भाव चांगला आहे पण, शिताये." शितायेने जबन्यात परत पाणी घातलं. दुसऱ्या फेरीची कॉफी झाली, ओतली, प्यालो. दुसरी नेहमी जरा फिकी असते. बाहेर एन्सेतची पानं वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. शिताये निखाऱ्यांपाशी बसली होती, पाठ भिंतीला. तिसऱ्या फेरीचं पाणी उकळायला ठेवलं, आणि तिचं डोकं खाली गेलं. मला वाटलं रडतेय. झोपली होती.

"उठवते," शेजारीण कुजबुजली. "तिसरी आशीर्वादाची असते. न पिता जाऊ नये."

"राहू दे. मी बघते जबन्याकडे."

मी तिच्या जागी सरकून बसले. वाफ आली तशी जबना उतरवला. ओतली मात्र नाही. शितायेचा श्वास लांब आणि घोगरा येत होता. जमिनीवरचं गवत उबेने वास सोडत होतं. मीही भिंतीला पाठ टेकली, क्षणभर म्हणून.

मला जाग आली ती कुणीतरी 'श्श' केल्याने. दारात जाफर उभा होता, घोट्यापर्यंत चिखल. शेजारीण त्याला तोंडावर बोट ठेवून दटावत होती. शिताये माझ्या खांद्याला टेकून अजून झोपलेली होती. माझी मान आखडली होती. बाहेर ऊन डोंगराआड उतरत होतं.

"ताई," जाफर हळूच म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला कुणी मारून टाकलं. आणि इथे बघतो तर तुमची कॉफी पिऊन दोघी घोरताय."

"मी घोरत नाही."

"तुम्ही नाही. त्या. तुम्ही फक्त तोंड उघडं ठेवून होता."

परत गेल्यावर मी अतो बेलाचवना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सावली, सतत हलवणं, आणि खराब फळं वेळेवर काढणं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. बरोबरच होतं ते.

शितायेची कॉफी एका परदेशी माणसाने घेतली. वरचे पैसे बेलाचवनी कुरकूर न करता तिला पोचते केले. पुढच्या हंगामात त्यांनी त्याच डोंगरावर, दुसऱ्या एका वाडीत, माचणी बांधून घेतल्या. वर पांढरं कापड ताणलं, हलवायला बायका ठेवल्या. कॉफी चांगली झाली. तिच्यात पेरू होता, थोडा दबलेला, मधही होता. मला विचारलं तेव्हा मी 'छान आहे' म्हटलं, आणि ती छानच होती. तिला पुष्कळ गिऱ्हाईक मिळालं. बेलाचव खूष होते. मी त्यांना सांगून दुपारचं काम सोडलं. सकाळचे कप मी घ्यायचे, दुपारचे तरुण पोरं. घरी येऊन झोपायचे. कधी झोप यायची, कधी नाही, पण जेवणाला चव यायला लागली होती.

त्या माचणी बघायलाच मी आणि जाफर परत गेलो होतो. येताना दिल्लात थांबलो. दलालाने सांगितलं होतं की शितायेने झाडं पुतण्याला कसायला दिली आणि ती लेकीकडे राहायला आली. बाजाराच्या मागच्या गल्लीत लेकीचं अव्होकाडोचं छोटं दुकान होतं. दुकानापुढच्या बाकावर एक बाई बसली होती. मी पुढे निघून जाणार होते, तर तिनेच हाक मारली. शिताये होती ती; गाल भरले होते. डोळ्यांखालचं काळं गेलं नव्हतं, पण फिकं झालं होतं.

"बस," ती म्हणाली. "चहा घे."

"चहा?"

"बुना करायला कोण बसतंय इतका वेळ. चहा पटकन होतो." तिने दालचिनी घातलेला चहा पेल्यात ओतला, साखर भरपूर. "झाडं दिली मी सोडून. पुतण्या ओली फळं केंद्रावर घालतो, सगळ्यांच्यात मिसळून जातात. बरं झालं."

"तुमच्या त्या कॉफीबद्दल लोक अजून विचारतात."

"विचारू देत." तिने स्वतःचाही पेला भरला. "पहिल्यांदा इथे आले तर रात्री उठून बसायचे. वाटायचं, कूस बदलायची राहिली. लेक म्हणायची, आई, इथे कुणी नाही गं. आता नाही उठत."

"झोप लागते मग?"

"लागते. तुला?"

"अधूनमधून."

"लागेल," ती म्हणाली. "माझं ऐकशील तर काही करू नकोस. नुसती बस. बसल्या बसल्या येते."

गल्लीच्या टोकाला जाफरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. आम्हाला अंधाराआधी हवासा गाठायचं होतं. मी उठायला लागले.

"वाजवू दे त्याला," शिताये म्हणाली, आणि माझा पेला पुन्हा भरला.